कपाखालचा खण

आमच्या घरात कपबशी नव्हती, पण कपाखाली ठेवायची कापडं मात्र होती. ती मी शिवली होती. लढाईचे दिवस, कापडावर कंट्रोल आलेला. माणसांना धोतर मिळत नव्हतं, लुगडं मधे विरलं की बाया ते फाडून कडा मधे घेऊन शिवायच्या आणि तेच पुन्हा नेसायच्या. अशा वेळी हिंगोलीकडच्या सेनगाव आणि गोरेगावच्या मधल्या एका खेड्यात एक पोरगी उंबऱ्यात बसून कपांना अंथरूण शिवत होती. आता सांगितलं तर माझ्या सुनांना हसू आवरत नाही. तेव्हा मला हसू येत नव्हतं, कारण माझं लग्न त्या चार तुकड्यांवर येऊन ठेपलं होतं.

मला दोन ठिकाणं आली होती. एक बिजवर, शेजारच्याच गावचा. चांगली काळी जमीन, दारात बैल, आणि घरात माझ्याहून जराशीच लहान अशी पहिल्या बायकोची मुलगी. त्याला नवरी बघायचीसुद्धा नव्हती. "तुमची पोरगी म्हंजे चांगलीच असंल," असा त्याचा निरोप आला, आणि वडलांना तो निरोप फार आवडला. न बघता पसंत करणारा माणूस त्यांच्या मते मनाचा मोठा होता. मला वाटायचं, त्याला चुलीपुढे कुणीतरी बसलेलं पाहिजे होतं, मग ते कोण का असेना.

दुसरं ठिकाण हिंगोलीचं. मुलगा तहसील कचेरीत कारकून, उर्दू शिकलेला, आई लहानपणीच गेलेली. मी त्याला पाहिलं नव्हतं. त्याच्याविषयी मला एवढंच माहीत होतं की त्याला आधीची बायको नव्हती, आणि माझ्यापुरतं तेवढं पुष्कळ होतं. वडलांनी आईला सांगून टाकलं, "हिंगोलीवाले येऊन बघून जाऊ द्या. व्हय म्हणले तर बरंच हाय. न्हाई म्हणले तर शिमग्याच्या आत मी बिजवराला कळवतो. आता आणखी वाट बघायची न्हाई." मी आत दळत होते. माझे हात थांबले, तशी आई म्हणाली, "दळ."

हिंगोलीचं ठिकाण आणलं होतं मामीनं. मामी हिंगोलीला राहायची, आणि तो तिचा मोठा गुण होता. दुसऱ्या गुणांची तिला कधी गरजच पडली नाही. आमच्याकडे आली की ती प्रत्येक वस्तूकडे अशी बघायची की त्या वस्तूलाच लाज वाटावी. पाहुणे यायच्या आधी ती छकड्यातून उतरली ती मांडीवर एक गाठोडं घट्ट धरून. त्यात होते चार कप आणि तीन बशा. चौथी बशी कुठं गेली ते कुणी विचारायचं नव्हतं. एका कपाला कान नव्हता, तर मामी म्हणाली, "त्यो आमच्या दाजींना द्या, त्यांना कळायचं न्हाई." दाजी म्हणजे माझे वडील.

चहा आमच्याकडे व्हायचा. गुळाचा, पितळीत ओतलेला, कुणाला पडसं झालं की. कपातून तो प्यायला की तो वेगळा लागतो, असं मामीचं म्हणणं. आणि मग तिनं ते सांगितलं, ज्याच्यासाठी ती खरं तर आली होती. कचेरीतल्या लोकांत कप असा उघड्या जमिनीवर ठेवत नाहीत, त्याच्याखाली कापड असतं. चौकोनी, जाडसर, हाताएवढं. तिच्या शेजारच्या डॉक्टरांच्या बायकोकडे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

"काहून?" आईनं विचारलं.

"काहून म्हंजे? असतंच."

"मी सारवून घेते की जमीन चांगली. कापडाचं काय काम?"

"वन्सं, सारवल्या जमिनीवर कप ठिवलेला बघितला ना, तर ते लोक मागल्या पावली जातील. मग द्या लेकरू बिजवराला."

 बिजवराचं नाव काढलं की आमच्या घरात वाद संपायचा. वडील तेवढं म्हणाले, "माणसाला बसायला घोंगडी न्हाई, अन् कपाला गादी." पण तेही हळूच म्हणाले, कारण मामी त्यांच्या मेव्हण्याची बायको होती आणि हिंगोलीची होती.

त्या कापडाला नाव काय, ते मामीलाही माहीत नव्हतं. आमच्यात त्याला कपाखालचं म्हणायला लागले.

आता कापड आणायचं कुठून? डॉक्टरांच्या बायकोकडे ती पांढरी होती, कोपऱ्यात फूल भरलेली. आमच्याकडे कंट्रोलचं पांढरं होतं, ते इतकं राठ की वडलांची मान त्याच्या सदऱ्यानं लाल व्हायची. जुनेरं सगळी धुऊन धुऊन जाळीदार झालेली. मामीनं घरभर नजर फिरवली आणि तिची नजर आईच्या पेटीवर थांबली. आईच्या पेटीत एक खण होता. जांभळा, लाल काठाचा, बारीक बुट्ट्यांचा. आईच्या ओटीत पडलेला, कुठल्या तरी चांगल्या दिवसाची वाट बघत तो तसाच राहिला होता. खण चोळीसाठी कापतात. दुसऱ्या कशासाठी कुणी कापलेला आमच्या गावानं तरी पाहिला नव्हता.

आईनं तो काढला, मांडीवर उलगडला, हात फिरवला. मला वाटलं, ती घडी घालून परत ठेवील. तिनं तो माझ्याकडे सरकवला. "काप," ती म्हणाली, "लेकरू चुलीत घालण्यापरीस खण गेलेला बरा." आणि मी कात्री चालवली तेव्हा ती उठून गोठ्याकडे गेली. तिथं त्या वेळी काही काम नव्हतं. आईनं माझ्यासाठी काय काय केलं ते सांगायला बसले तर पुरायचं नाही, पण ते गोठ्याकडे जाणं मला अजून सगळ्यात आधी आठवतं, आणि आठवलं की भरून येतं.

शिवायला मला येत होतं असं मला वाटायचं. गोधडी यायची, ठिगळ यायचं, चोळी यायची. या कपाखालच्याला काय लागतंय? दोन चौकोन घ्यायचे, खणाचा वर आणि जुन्या धोतराचा खाली. चांगल्या बाजू आत, उलट्या बाहेर. भरीला जुनेराचे थर वरून, म्हणजे उलटल्यावर ते मधे येतात. चारी बाजूंनी टाके घालत यायचं, शेवटी दोन बोटं जागा सोडायची आणि त्या भोकातून सगळं उलटं करून बाहेर काढायचं. ऐकताना सोपं वाटतं. पहिलं मी गोधडीच्या सवयीनं भरलं, हात सैल सोडून, ऊब यावी म्हणून. कपाला उबेची गरज नसते हे माझ्या ध्यानात आलं नाही. उलटं करून काढलं तर ती छानपैकी उशी झाली. मामीनं कपात पाणी भरून तिच्यावर ठेवला. कप क्षणभर विचारात पडल्यासारखा उभा राहिला आणि मग सावकाश कलंडला.

"सासऱ्याच्या मांडीवर असा सांडला म्हंजे झालं कल्याण," मामी म्हणाली.

उसवलं. थर कमी केले. आता कोपरे येईनात. खण जाड, त्यात काठाची बाजू आणखी जाड, कोपरा आतल्या आत गोळा होऊन बसायचा. तुराटीची काडी घासून गुळगुळीत केली आणि भोकातून आत घालून एकेक कोपरा हळूहळू ढोसत बाहेर काढला. जोर जास्त झाला तर खण फाटणार, कमी झाला तर कोपरा बोथट. दुसरा खण पेटीत नव्हता. मी श्वास धरून ते काम करायचे आणि मामी शेजारी बसून मला हिंगोलीच्या गोष्टी सांगायची. सगळ्यात शेवटी वरून आडवा-उभा धावदोरा घातला, म्हणजे भर सरकू नये आणि कप सपाट बसावा. चार झाली. आईनं ती उशाखाली ठेवली, दाबून चापट व्हावीत म्हणून. आमच्याकडे इस्त्री कुठली?

पाहुणे तीन येणार असा निरोप होता. मुलाचे वडील, मुलाचा मामा आणि मुलगा, असं आम्ही धरून चाललो. तीन ते आणि चौथे माझे वडील, म्हणजे कप बराबर चार. मामीनं मला सगळं पढवून ठेवलं. आधी मी जायचं, प्रत्येकाच्या पुढ्यात आपल्या हातानं कपाखालचं मांडायचं, म्हणजे पोरीचं शिवणकाम न विचारता दिसतं. मग मागून मामी कप आणणार. आणि मान वर करायची नाही. दाखवायच्या मुलीनं मान वर केली की ठिकाण मोडतं, हे तर मामीनं नाही, साऱ्या मुलखानंच मला सांगितलेलं होतं.

पाहुणे दुपारी आले. बैलांची दमणी दारात थांबल्याचं ऐकलं, पाय धुण्याचं पाणी सांडल्याचं ऐकलं, आणि मला बाहेरून बोलावणं आलं. डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून मी ओसरीवर गेले. मला दिसत होतं ते एवढंच: जाजम, आणि जाजमावरचे पाय. वडलांचे पाय ओळखीचे, त्यांच्यापुढे पहिलं मांडलं. मग एक धोतर, त्याच्यापुढे एक मांडलं. दुसरं धोतर, त्याच्यापुढे एक. आणि मग जरा बाजूला, माजघराच्या दाराजवळ, लुगड्याचा काठ. मुलाच्या जागी कुणी बाई आली होती. बाई तर बाई. तिच्यापुढे मी चौथं मांडलं, जांभळा खण, लाल काठ तिच्या बाजूला करून, अगदी नीट. मामीनं मागून येऊन त्याच्यावर कप ठेवला.

मग ती बाई कपाला हात लावायला पुढे झाली आणि मला तिचा हात दिसला. कोपरापर्यंत मोकळा. एकही बांगडी नाही.

 मान खाली ठेवायची ते विसरून मी वर बघितलं. कपाळही मोकळं होतं. मुलाची आत्या होती ती. पोरकं लेकरू तिनंच वाढवलेलं, त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं, आणि तिलाच पाठवलं होतं मुलीला बघायला. आणि तिच्यापुढे मी खण मांडला होता. विधवेपुढे खण. सवाष्णीच्या ओटीत पडायची वस्तू, जी तिच्याकडे कुणी सरकवत नाही, जी वाटताना तिला आत बसायला सांगतात. दिवसचे दिवस आम्ही त्या कापडाला कपाखालचं म्हणत होतो, इतकं की तो खण आहे हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

माजघराच्या दारात आई उभी होती. तिनं बघितलं. ती आत धावली आणि कंट्रोलच्या कापडाचा एक तुकडा घेऊन बाहेर आली. "आक्का, त्ये... लेकराच्या ध्यानात न्हाई आलं. द्या, त्ये बदलून देते," असं काहीबाही पुटपुटत ती खाली वाकली.

आत्यानं कपावर तळहात ठेवला. "राहू द्या," ती म्हणाली, "च्या सांडंल."

एवढंच. त्या आवाजात राग होता की काय होतं, ते मला कळेना. आई तो तुकडा हातात घेऊन तशीच मागं सरली. पुरुषांना यातलं काही दिसलं नाही. मुलाच्या वडलांनी कपाखालचं उचलून त्याला मिशा पुसल्या आणि परत ठेवलं. मुलाचा मामा जास्त विचारी. इतकं चांगलं कापड, त्याच्यावर चहा सांडू नये म्हणून त्यानं कप उचलून जमिनीवर ठेवला आणि कापडाची घडी करून अदबीनं माझ्या वडलांकडे दिली. वडलांनी बिनकानाचा कप दोन्ही हातांत धरून विचारलं, "कचेरीत बी असंच राहत असंल की कपाखाली?"

"कचेरीत?" मुलाचे वडील म्हणाले, "तिथं उभ्या उभ्या बशीत वतून पितात. खाली ठिवायला फुरसत कुणाला हाय?"

मामीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मग मुलाच्या मामानं खिशातून सुई-दोरा काढला. मुलीची नजर तपासायची ती रीतच होती. "ओव बरं," तो म्हणाला. मी दोरा ओला केला, पीळ दिला आणि सुईकडे नेला.  एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. चुकला की मला बिजवराचं दार दिसायचं. आता हे लोक काय म्हणणार ते मला स्पष्ट कळत होतं: पोरीला दिसत नाही, शिवलेलं दुसऱ्याच कुणाचं असेल, आणि वर आमच्या विधवा बहिणीपुढे खण ठेवला. एवढं झाल्यावर होकार कुठला मिळायचा? 

"पुरं करा की," आत्या म्हणाली, "तिला शिवता येतं त्ये दिसतंय की पुढ्यात. काहून छळून राहिले लेकराला?" मामानं सुई परत घेतली.

चहा झाला, पानसुपारी आली, वडील जमिनीचं सांगायला लागले. मामी कप गोळा करत होती. कपाखालची तीनच भरली. तिनं जाजमाचा कोपरा उचलून पाहिला, वडलांना जरा सरका म्हणाली, पाहुण्यांच्या पागोट्याखालीसुद्धा डोकावली. "चौथं कुठं गेलं?" ती मोठ्यानं म्हणाली. आईनं मागून तिला असा चिमटा काढला की पुढचे दोन शब्द तिच्या तोंडातून निघालेच नाहीत.

आत्या उठली. "मला हातपाय धुवायचेत. पोरीला धाडा संगं."

आम्ही दोघी मागल्या दारी गेलो. न्हाणीच्या दगडावर ती उभी राहिली, मी तांब्यातून पाणी घालू लागले. तिच्या कमरेला, ओच्यात खोचलेला जांभळा कोपरा दिसत होता. तुराटीनं काढलेला माझा कोपरा. मी त्याच्याकडे बघते आहे हे तिनं बघितलं.

"त्यो तू बघून ठिवलास, का न बघता?" तिनं विचारलं.

 बघून म्हटलं तर मी उद्धट, रीत मोडणारी. न बघता म्हटलं तर मी वेंधळी. दोन्हीकडून माझं लग्न मोडत होतं. मी खरं तेच सांगितलं. "न बघता. मान खाली व्हती."

 पाणी तिच्या पायांवरून वाहून केळीच्या बुडाशी गेलं. "बरं झालं," ती म्हणाली. "बघून ठिवला असतास तर मला परत द्यावा लागला असता. दया म्हणून दिलेलं मी घेत न्हाई." मग तिनं तो कोपरा बोटानं आणखी आत खोचला, बाहेर दिसू नये म्हणून. "लगनात वटी भरली व्हती, त्याच्यावर खण मिळाला त्यो आजच. एवढ्याशा खणाची बाहुलीची चोळी व्हायची न्हाई, पोरी. पण खण हाय."

मला रडू आलं. ते माझ्यासाठी होतं की तिच्यासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तिनं ओल्या हातानं माझा पदर मागे केला, माझं तोंड वर धरलं आणि नीट बघितलं. मुलगी बघायला आलेल्यांपैकी मला खरोखर बघितलं ते तिनंच.

"आमच्या घरला आलीस म्हंजे अशीच चुकत जा मधून मधून," ती म्हणाली.

मी मान हलवली. ओसरीवर वडील अजून पाहुण्यांना पटवत होते, मुलगी कशी गुणाची आहे, जमीन कशी पिकते. लग्न ठरलं होतं, आणि तिकडं अजून ते कुणालाच माहीत नव्हतं.